बुलेटच्या मूळ मॅनिफोल्डवर मोठा कार्ब बसवायचाय? मग नुसता कार्ब आणून भागत नाही

सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या कास्ट आयर्न बुलेट अजून भरपूर आहेत आणि त्यातल्या निम्म्या मालकांच्या डोक्यात कधी ना कधी हा विचार येतोच, की बुलेट 350 चा 24 मिमीचा कार्ब (कार्बुरेटर) काढून बुलेट 500 चा 28 चा टाकला तर गाडी पळेल का. पळते, पण नुसता कार्ब बदलून नाही. बसवायचं काम अर्ध्या दिवसाचं आहे, त्यानंतर जेटिंग, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारे जेट जुळवणं, ते खरं काम, आणि तेच लोक सोडून देतात. मग गाडी खालच्या आरपीएमला मिसिंग मारते, उतारावर सायलेन्सरमधून फटाके फोडते, आणि शेवटी "मोठा कार्ब काय कामाचा नाय" असं म्हणत 24 परत चढवला जातो. म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

हे सगळं कास्ट आयर्न इंजिनासाठी आहे, म्हणजे 346 सीसी, 70 मिमी बोअर, 90 मिमी स्ट्रोक. नंतरच्या 350 च्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनाला व्हॅक्यूमवर चालणारा डायफ्रामचा कार्ब असतो, त्याचं गणित वेगळं, आणि बीएस6 पासून तर इंजेक्शनच आलं, तिथं हा विषयच नाही.

आधी समजून घ्या की मोठ्या कार्बनं नेमकं होतं काय. व्हीएम24, व्हीएम28 ही या कार्बची मॉडेलं, त्यातला आकडा म्हणजे बोअरचे मिलिमीटर. 24 च्या भोकाचं क्षेत्रफळ साधारण 452 चौरस मिमी, 28 चं 616, म्हणजे दिसायला चार मिलिमीटरचा फरक पण हवेची वाट 36 टक्के मोठी. वरच्या आरपीएमला इंजिनाला हवा कमी पडत असेल तर तिथं याचा फायदा होतो. पण खालच्या आरपीएमला इंजिन ओढतंय तेवढीच हवा, आणि आता तीच हवा मोठ्या भोकातून जाणार म्हणजे तिचा वेग कमी होणार. कार्ब पेट्रोल ओढतो तो हवेच्या वेगानं पडणाऱ्या कमी दाबावर. वेग पडला की ओढ पण कमी, पेट्रोलचं नीट धुकं होत नाही, मोठे थेंब जातात, आणि एक्सलेटर झटक्यात पिळला की गाडी एक क्षण गप्प होते आणि मग उचलते. 350 वर 28 टाकल्यावर थोडंफार हे होणारच, ते जेटिंगनं कमी करता येतं, पूर्ण जात नाही. ज्यांचं सगळं फिरणं साताऱ्यातल्या साताऱ्यात, राजवाडा ते पोवई नाका एवढंच आहे त्यांनी 24 च नीट साफ करून सेट करावा असं माझं स्पष्ट मत आहे, नाहीतर 26 शोधावा, त्यात वाट 17 टक्क्यांनीच वाढते आणि खालची ओढ बरीचशी शाबूत राहते. ज्यांना हायवेला लांब पळवायचीय, घाट चढायचेत, त्यांना 28 ची मजा येते.

आणखी एक, इंजिन आतून मूळचंच आहे, कॉम्प्रेशन मूळचं, कॅम मूळचा, तर चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. वरच्या टोकाला थोडी मोकळी पळेल. मायलेज उतरणार हे धरूनच चाला.

कार्बला हात लावायच्या आधी इंजिन जागेवर आणा. टॅपेट बघा, थंड इंजिनला पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली खेळता कामा नये. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी. टायमिंग बरोबर, प्लग चांगला, कॉम्प्रेशनला किक दाबून उभं राहिलं की ती लगेच खाली बसत नाही ना ते बघा. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर तुम्ही जेट बदलत बसाल आणि दोष तिकडं टायमिंगमध्ये निघेल.

आता मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब आणि हेड यांच्यामधली नळी. व्हर्निअर घ्या आणि तीन मापं कागदावर लिहा: मॅनिफोल्डच्या तोंडाचा आतला व्यास, नवीन कार्बच्या इंजिनकडच्या तोंडाचा आतला व्यास, आणि स्टडमधलं अंतर सेंटर ते सेंटर. मग कार्ब फ्लँजवाला आहे का स्पिगॉटवाला ते बघा. फ्लँजवाल्याला भोकांची सपाट पट्टी असते, तो दोन नटांनी सरळ बसतो, स्पिगॉटवाल्याला गोल नळीसारखं तोंड असतं, तो रबरी स्लीव्हमध्ये घुसवून क्लिपनं आवळायचा असतो. मॅनिफोल्डला फ्लँज आणि कार्ब स्पिगॉटचा असेल तर मध्ये अ‍ॅडाप्टर बनवायला लागतो, एका बाजूला दोन भोकांची प्लेट आणि दुसऱ्या बाजूला कार्बच्या स्पिगॉटच्याच बाहेरच्या मापाची नळी, म्हणजे स्लीव्ह दोन्हीकडं सारखी बसते.

अ‍ॅडाप्टर अ‍ॅल्युमिनियमचा करा. साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडं मापाचा कागद घेऊन गेलात तर करून मिळतो. आपला भाग या कामाला मुळातच चांगला, तिकडं किर्लोस्करवाडी आहे, इकडं महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया साताऱ्यातच बनायची, त्यामुळं मशीनवर हात बसलेली आणि कार्ब कोळून प्यायलेली माणसं अजून सापडतात, त्यांना जाऊन भेटा.

लेथवाल्याला सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतली पायरी. कार्बचं तोंड 28 आणि मॅनिफोल्डचं समजा 25, दोन्ही एकमेकांना चिकटवले तर आत चारही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटरची धार उभी राहते, हवा पेट्रोल घेऊन येते आणि तिथं आपटते, पेट्रोल भिंतीला चिकटून ओघळतं. स्लोला, म्हणजे एक्सलेटर न देता, गाडी भकभक करते त्याचं कारण बऱ्याचदा हेच, आणि लोक तिकडं स्क्रू फिरवत बसतात. म्हणून अ‍ॅडाप्टर आतून निमुळता पाहिजे, एका तोंडाला 28, दुसऱ्याला बरोब्बर मॅनिफोल्डएवढा, आणि मध्ये सावकाश उतार. जाडी जेवढी जास्त तेवढा उतार सौम्य, पण कार्ब तेवढाच मागं सरकतो, मग एअर फिल्टरची नळी मुडपते. आधी रिकामा कार्ब हातानं जागेवर धरून मागं जागा किती आहे ते बघा, मग जाडी ठरवा.

दुसरा मार्ग म्हणजे मॅनिफोल्डचंच तोंड 28 पर्यंत उघडून आत उतार देत नेणं. भिंत पुरेशी जाड असेल तर होतं, पण मी तरी अ‍ॅडाप्टरच म्हणेन, कारण मूळ मॅनिफोल्ड शाबूत राहतो आणि उद्या 24 परत लावायचा झाला तर पंचाईत नाही. हेडचा पोर्ट मात्र ग्राइंडरनं उगाच मोठा करू नका आणि आरशासारखा पॉलिश तर अजिबात नको.

आता फ्लँज सपाट आहे का ते बघायचं, याला पाच मिनिटं जास्त द्या. जुना फ्लँज वर्षानुवर्षं आवळून आवळून केळ्यासारखा वाकलेला असतो, दोन्ही टोकं पुढं आणि मधला भाग मागं. स्टीलची पट्टी फ्लँजवर उभी धरून उजेडाकडं बघा, मधून उजेड दिसला की समजा हवा इथूनच ओढणार. जाड काचेचा तुकडा घ्या, सपाट ओट्यावर ठेवा, त्यावर 320 चा पॉलिश पेपर, थोडं तेल, आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकड्यात हलक्या हातानं फिरवा. थोड्या वेळानं उचलून बघितलं की दोन टोकं चकाकतात आणि मध्ये काळं राहतं, तो काळा भाग जाईपर्यंत घासत राहायचं, दर थोड्या वेळानं कार्ब हातात उलटा फिरवून धरायचा म्हणजे एकाच बाजूला जास्त दाब पडत नाही. शेवटी 600 चा पेपर. मग पेट्रोलनं धुवून हवा मारा, घासलेला एक कण जरी पायलटच्या (स्लोचं पेट्रोल देणाऱ्या बारीक जेटच्या) वाटेत गेला तरी दोन दिवस शोधत बसाल. घासायच्या आधी स्लाइड (एक्सलेटरनं वर-खाली होणारा पिस्टन), तिला लागलेली सुई म्हणजे नीडल, फ्लोट सगळं काढून ठेवलेलं पाहिजे हे वेगळं सांगायला नको. फ्लँजला ओ-रिंगची खाच असेल तर जास्त घासू नका, खाच उथळ झाली की ओ-रिंग चेपून बाहेर येते.

कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मध्ये हायलमचा (उष्णता अडवणाऱ्या कडक शीटचा) तुकडा ठेवाच. हेडची उष्णता कार्बला लागली की त्याच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल उकळायला लागतं, मग तापलेली गाडी सिग्नलला बंद पडली की पुन्हा किक घेत नाही. पॅकिंगचं भोक आतल्या बोअरपेक्षा केसभर मोठं कापा, आत डोकावता कामा नये. सिलिकॉन लावू नका, साधं आरटीव्ही सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, त्याचे तुकडे सुटून आत जातात. सपाट फ्लँज आणि चांगलं कागदी पॅकिंग एवढ्यावर हवा बंद होतेच. ओ-रिंग पेट्रोलला टिकणारीच घ्या, नळाचा वायसर चालत नाही.

नट आवळताना दोन्ही नट आधी हातानं बसवून मग थोडा हा थोडा तो असं आलटून पालटून. एकच बाजू कचकचून आवळली की आत्ता घासून सरळ केलेला फ्लँज परत वाकतो. आणि मागून उभं राहून कार्ब सरळ उभा आहे का ते बघा, अ‍ॅडाप्टरची भोकं तिरकी पडली तर वाटी तिरकी बसते आणि फ्लोटची लेव्हल चुकते, मग ओव्हरफ्लो नाहीतर पेट्रोल कमी.

एक्सलेटर केबलकडं दुर्लक्ष करू नका, इथं जिवाशी गाठ आहे. 28 ची स्लाइड जास्त वर उचलावी लागते, 24 ची केबल आणि ग्रिप तेवढं खेचतेच असं नाही. फिल्टरची नळी लावायच्या आधी मागून बोट आत घालून बघा, पूर्ण पिळल्यावर स्लाइड भोकातून पूर्ण बाहेर जाते का, आणि सोडल्यावर टक्कन आवाज करत खाली येते का. अडकत असेल तर गाडी चालू करायची नाही. केबलला दोन-तीन मिमीचा सैलपणा ठेवा. नंतर गाडी स्लोला चालू असताना हँडल डावीकडं-उजवीकडं टोकापर्यंत फिरवा, आरपीएम वाढता कामा नये, वाढत असेल तर केबल कुठंतरी ताणली जातेय.

एअर फिल्टर काढून उघड्या तोंडावर गाडी पळवायची फॅशन आहे, ती कृपा करून करू नका. आपल्याकडं गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी धूळ, पाचट, शिवाय कारखान्याच्या आसपास बॉयलरची काळी राख हवेत असते, ही सगळी सिलिंडरमध्ये गेली की रिंगा आणि बोअर दोन्ही संपले. 24 ची नळी 28 च्या तोंडाला बसत नाही, 500 ची नळी घ्या आणि फिल्टर डब्यासकट ठेवा. जेटिंग पण फिल्टर लावूनच करायचं, काढून केलेलं सेटिंग लावल्यावर बदलतं.

पहिलं स्टार्ट केल्यावर आधी हवा कुठं ओढतेय का ते तपासा. इंजिन स्लोला असताना कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा जोडावर मारायचा, आरपीएम बदलला तर जोड गळतोय. सायलेन्सर तापायच्या आधीच हे करा, फवारा सायलेन्सरवर आणि प्लगच्या वायरवर जाता कामा नये, शेजारी ओलं पोतं ठेवा, बिडी-सिगारेटवाल्यांना लांब उभं करा. जोड पक्का झाल्याशिवाय जेटला हात लावायचा नाही. हवा ओढणारी गाडी कितीही जेट बदला, सेट होत नाही.

आता जेटिंग, आणि इथं घाई नको. कुठला पार्ट कधी काम करतो हे पाठ करून ठेवा. एक्सलेटर शून्यापासून एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाइडचा खालचा कट, पाव ते पाऊण नीडल, पाऊणच्या वर मेन जेट. सीमा अशा काटेकोर नसतात, एकमेकांवर थोडं चढतात, पण कामाला एवढं पुरतं. ग्रिपच्या कडेला पांढऱ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, त्यावर पेनानं शून्य, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा आणि स्विचच्या डब्यावर एक उभी रेघ. चालवताना नजर टाकली की कळतं गाडी नेमकी कुठं अडखळतेय. याच्याशिवाय जेटिंग म्हणजे अंदाजपंचे.

सुरुवात कुठून करायची, तर 28 सोबत 500 चे जे जेट आलेत तिथूनच. लोकांना वाटतं इंजिन 350 चं म्हणजे जेट 350 चेच घालावेत, तसं नाही. जेटचा हिशोब सीसीपेक्षा व्हेंच्युरीच्या, म्हणजे कार्बच्या आतल्या भोकाच्या मापाशी जास्त बांधलेला असतो, कारण त्याच हवेला मोठ्या भोकात ओढ कमी मिळते, तर तेवढंच पेट्रोल यायला जेट मोठा लागतो. 24 चा मेन जेट 28 मध्ये टाकलात तर मिश्रण लीन होऊन (पेट्रोल कमी, हवा जास्त) इंजिन तापेल आणि पिस्टन जाम व्हायची भीती. कायम रिचकडून, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या बाजूनं सुरुवात करून एकेक नंबर खाली यायचं. रिच गाडी काळा धूर देते, प्लग काळा करते, पण एकदम मोडत नाही.

यात ई20 पण धरायला लागतं. 2025 पासून पंपावर जवळपास सगळीकडं 20 टक्के इथेनॉलचंच पेट्रोल आहे, आणि ते आपल्याच भागातल्या उसातून, कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून पण जातंय, चांगलंच आहे. पण साध्या पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते तर ई20 ला साधारण साडेतेरा. म्हणजे त्याच हवेला आठ-नऊ टक्के पेट्रोल जास्त पाहिजे. जुन्या मॅन्युअलमधले जेटचे आकडे त्या काळच्या पेट्रोलचे आहेत, आज तेच घातले तर थोडं लीन पडतं. जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग पण इथेनॉलनं खराब होतात, त्या याच वेळी बदलून टाका.

इंजिन नीट तापवा, दहा-बारा किलोमीटर चालवून आणा. एअर स्क्रू हलकेच आत पूर्ण बसवा, मग दीड फेरा बाहेर. व्हीएमला हा स्क्रू हवेचा आहे, म्हणजे बाहेर काढला की लीन, आत घातला की रिच, पेट्रोल स्क्रूवाल्या कार्बच्या बरोबर उलटं, यात लई जण गोंधळतात. पाव-पाव फेरा फिरवत आरपीएम सगळ्यात वर कुठं जातो ते शोधा आणि मग स्लोच्या स्क्रूनं आरपीएम खाली आणा. सगळ्यात चांगली जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत येत असेल तर पायलट जेट लहान पडतोय, एक नंबर मोठा घाला, अडीच-तीन फेऱ्यांच्या बाहेर जात असेल तर पायलट मोठा आहे.

मग मेन जेट. सकाळी लवकर मोकळा, सरळ, थोडा चढाचा रस्ता बघा, पुणे-बेंगलोर हायवे यासाठी नाही, तिथं इंजिन मध्येच बंद करणं म्हणजे मागच्या ट्रकला आमंत्रण. तिसऱ्या गिअरला फुल पिळून बघा कशी ओढते. फुलवरून किंचित एक्सलेटर मागं घेतल्यावर गाडी उलट जास्त ओढायला लागली तर मेन लीन आहे. फुलला भकभक करून अडतेय आणि फिल्टरची नळी जरा सैल केल्यावर मोकळी होतेय तर रिच. नवीन प्लग लावून फुलवर थोडं अंतर पळवा, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करा, कडेला घ्या आणि प्लग काढून बघा. आताच्या पेट्रोलनं तो जुना विटकरी रंग लवकर येत नाही, पांढऱ्या चिनीमातीच्या अगदी तळाशी आत बारीक तपकिरी कडी दिसते का ते बॅटरी मारून बघायचं. तळापर्यंत पांढराफटक असेल तर जेट लगेच वाढवा, त्या अवस्थेत पळवू नका.

नीडल शेवटी. मधल्या खाचेपासून सुरू करा. क्लिप एक खाच खाली लावली की नीडल वर येते आणि गाडी रिच होते. साठच्या आसपास एका लयीत जाताना गाडी पुढं-मागं हिसके देत असेल तर लीन, जड आणि बोथट वाटत असेल तर रिच. आपण रस्त्यावर जास्तीत जास्त वेळ याच पट्ट्यात असतो, म्हणून मायलेज इथंच ठरतं, मेन जेटवर नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

जेट चांगल्या दुकानातून घ्या. डुप्लिकेट जेटवर नंबर एक आणि भोक दुसरंच असतं, आणि तार घालून भोक मोठं करणं तर कधीच नको, एकदा भोक बिघडलं की त्या नंबराला अर्थ राहत नाही. मिकुनीचा 110 आणि केहीनचा 110 हे पण एक नाहीत, मिकुनीचा आकडा पेट्रोलच्या वाहण्यावर असतो, केहीनचा भोकाच्या मापावर.

उंचीचं पण ध्यानात ठेवा. सांगली साडेपाचशे मीटरवर, सातारा सव्वासातशेच्या वर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. हजार मीटरला हवा साधारण दहा टक्के विरळ होते, म्हणजे सांगलीत बरोबर सेट केलेली गाडी पसरणी घाट चढून वर गेली की रिच वाटणार, जरा सुस्त होणार. एखाद्या दिवसाच्या फिरण्याला काही करू नका, उलट वर सेट करून खाली आणली तर लीन पडते, ते जास्त वाईट. सातारकरांनी साताऱ्यातच सेट करावी, सांगलीकरांनी सांगलीत.

कागदोपत्री बघायला गेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरसीवरच्या नोंदीशी विसंगत असा बदल गाडीत चालत नाही, त्यामुळं बसवायच्या आधी तुमच्या गाडीपुरतं आरटीओत विचारून घ्या. पीयूसी तर काढायलाच लागते. 31 मार्च 2000 च्या आधीच्या दुचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आहे, नंतरच्या बीएस4 च्या आधीच्या गाड्यांना 3.5. हे माप स्लोवर घेतात म्हणजे ते तुमच्या पायलट आणि एअर स्क्रूवर ठरतं, आणि खरं सांगायचं तर पीयूसीवाल्याचं मशीन हे स्लोच्या सेटिंगची उत्तम परीक्षा आहे, पास झालात तरी आकडा विचारून घ्या आणि वहीत लिहा.

सगळं झाल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना कार्बचे नट आणि स्लीव्हच्या क्लिपा एकदा परत बघा, नवीन पॅकिंग दबून नट सैल पडलेले असतात. पाव फेरा आवळायला लागतो, आणि त्यानंतर एअर स्क्रू पुन्हा एकदा तपासा.